कामाच्या पाळ्यांचा तक्ता आधी लावा : अंबड-सातपूरच्या कारखानदारांना एका औषध दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींमधील कारखान्यांचे मालक, प्लँट हेड, एचआर मॅनेजर आणि कामगार पुरवणारे ठेकेदार,
नाशिक.

स. न. वि. वि.

सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ माझं औषधांचं दुकान आहे. बी. फार्म. झाले आणि वडिलांच्या पीएफच्या पैशांतून हा गाळा घेतला, त्याला एकोणीस वर्षं झाली. वडील सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. माझं शिक्षण, हे दुकान, घरातला पहिला फ्रीज, सगळं तुमच्याच वसाहतीच्या पगारावर उभं राहिलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना ही बाई कारखान्यांच्या विरोधात आहे असं वाटू नये. कारखाने चालायलाच हवेत. त्यांत जाणारी माणसं साठीपर्यंत धडधाकट राहावीत, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्यासाठी तुमच्याकडे एक साधी गोष्ट मागायची आहे.

दुकान मी रात्री पावणेबारापर्यंत उघडं ठेवते, कारण सेकंड शिफ्ट अकराला सुटते. साडेअकराच्या सुमाराला पाच-सहा मोटारसायकली एकदम थांबतात. मागणी ठरलेली असते. पित्ताची गोळी. डोकं धरलंय, त्यावर काहीतरी. कंबरेसाठी दुखणं थांबवणारी गोळी, "जरा स्ट्राँग द्या." झोपेचं काही मिळेल का, असं हळू आवाजात विचारणारा एखादा असतोच. चिठ्ठी आणा म्हटलं की मान हलवतात आणि पुढच्या दुकानाकडे बघतात. डॉक्टरकडे जायचं तर खाडा पडतो, खाडा पडला की हजेरीचा बोनस जातो, म्हणून सगळं अंगावर काढायचं. वयं बघाल तर तिशी-पस्तिशीची. माझ्या काउंटरवर ज्या तक्रारी पूर्वी पन्नाशीची माणसं सांगायची, त्या आता लग्नाला चार वर्षं झालेली पोरं सांगतात.

मागच्या हिवाळ्यातली एक रात्र सांगते. असाच एकजण कानटोपी न काढताच आत आला. मानेचा मागचा भाग जड झालाय म्हणाला. मी काउंटरच्या कडेला एक खुर्ची आणि बीपीचं मशीन ठेवलेलं आहे, पैसे घेत नाही. त्याला पाच मिनिटं नुसतं बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात काउंटरवर छातीच्या उंचीला. पट्टा बांधला. १४८ वर ९२. जास्तच होतं, पण दिवसभराचा शिणवटा म्हणून मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा घ्यायचं ठरवलं. बीपी एकदा घेऊन भागत नाही. त्या मिनिटभरात त्याचा मोबाईल वाजला. त्याने वाचलं, आणि काही न बोलता स्क्रीन माझ्यापुढे धरली. ठेकेदाराच्या ग्रुपवर निरोप होता : उद्या सकाळी सातला सगळ्यांनी फर्स्टला यायचं, जे येणार नाहीत त्यांनी परवापासून येऊ नये. पट्टा हातालाच होता. बटण दाबलं. १७२ वर १०४.

"ताई, मशीन बिघडलं का?" त्याने विचारलं.

मशीन ठीक होतं. रात्रीचे साडेअकरा झाले होते, घरी चुंचाळ्याला पोचून जेवून आडवं व्हायला साडेबारा, आणि सकाळी साडेपाचला उठायचं. त्याने हा हिशेब क्षणात केला असणार, आणि त्याच्या अंगाने त्याच्याही आधी केला.

एका माणसाच्या एका रात्रीच्या आकड्यावरून मी सिद्धान्त मांडत नाही. पण त्या मिनिटात त्याच्या शरीरात काय झालं हे शास्त्राला नीट माहीत आहे, आणि ते तुम्हालाही माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. धोका दिसला की मेंदूचा निरोप मज्जातंतूंवाटे सेकंदाच्या आत तिथे पोचतो आणि अॅड्रेनॅलिन रक्तात सुटतं. काळजाचे ठोके वाढतात. पोटाकडच्या आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त स्नायूंकडे वळतं. यकृत साठवलेली साखर बाहेर सोडतं. जखम झालीच तर रक्त पटकन गोठावं म्हणून रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) चिकट होतात. त्यानंतर काही मिनिटांत दुसरं रसायन येतं, कॉर्टिसॉल, जे ही सगळी तयारी लांबवतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ मध्येच यातला पहिला भाग लिहून ठेवला होता : लढा किंवा पळा.

आपल्या भाषेला हे त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे. छातीत धस्स झालं, पोटात गोळा आला, तोंडाला कोरड पडली, हातपाय गार पडले, दरदरून घाम फुटला, अंगावर काटा आला. यातला एकेक शब्दप्रयोग शरीरशास्त्राच्या पुस्तकात शोभेल इतका अचूक आहे. लाळ खरंच आटते, पोटाचं रक्त खरंच कमी होतं, हाताच्या बोटांकडचा पुरवठा खरंच आवळला जातो. म्हणून "टेन्शन काय घ्यायचं, ते मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. मनात उठतं ते अंगात उतरतंच, आणि पट्टा बांधला की आकड्यांत दिसतं.

निफाड-सिन्नरकडे उसातून अचानक बिबट्या समोर आला तर हीच यंत्रणा माणसाचा जीव वाचवते. बिबट्या दहा मिनिटांत निघून जातो, माणूस घरी येतो, पाणी पितो, ठोके खाली येतात. मोबाईलवरचा निरोप मात्र निघून जात नाही. उद्या कोणती पाळी, पुढच्या महिन्यात काम असेल का, सहा महिन्यांनी कामावरून ब्रेक देतील तेव्हा परत घेतील का, हा बिबट्या रोज उशाशी बसलेला असतो. या कामगारांपैकी कितीतरी जणांची दिंडोरी-पेठ-सुरगाण्याकडे थोडी शेतीही आहे. कांद्याचा भाव पडला, अवकाळीने द्राक्षघड झोडपले, की तेही ओझं लाईनवर सोबत येतं. ते तुमच्या हातात नाही, मला कळतं. तुमच्या हातात जे आहे त्याकडेच मी वळते आहे.

तुम्ही बहुतेकजण इंजिनिअर आहात, म्हणून एक गोष्ट तुमच्या भाषेत सांगते. 'स्ट्रेस' हा शब्द शरीराच्या बाबतीत रूढ केला हान्स सेली या शास्त्रज्ञाने, आणि त्याने तो तुमच्याच शास्त्रातून उचलला होता. माँट्रियलला काम करताना त्याने उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विष असे निरनिराळे त्रास दिले. त्रास कोणताही असो, उंदरांच्या शरीरात तीच तीन लक्षणं सापडली : मूत्रपिंडावरच्या ग्रंथी फुगलेल्या, रोगप्रतिकार करणाऱ्या थायमससारख्या ग्रंथी आक्रसलेल्या, आणि जठरात व्रण. १९३६ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. मराठीत तर तारेला बसतो तोही ताण आणि माणसाला येतो तोही ताण. टेन्साईल टेस्टमध्ये दहा टन सहन करणारा शाफ्ट तीन-चार टनांच्या फेऱ्यांवर एक दिवस मोडतो, हे तुम्ही पाहिलेलं आहे. कुठल्या तरी कोपऱ्यात केसाएवढी चीर पडलेली असते, लाखो फेऱ्यांत ती वाढत जाते, बाहेरून शाफ्ट चकचकीतच दिसतो. धातूचा थकवा म्हणतात त्याला. तुम्ही कधीच म्हणत नाही की शाफ्टला सहनशक्ती नव्हती. तुम्ही ड्रॉइंग काढून बघता, भार कुठे आणि किती वेळा आला ते शोधता. माणूस मोडला की आपण लगेच त्याची सहनशक्ती मोजायला का लागतो?

शरीरातही अशीच झीज साचत जाते. ब्रूस मॅक्युएन या संशोधकाने १९९३ मध्ये सहकाऱ्याबरोबर तिला नाव दिलं, अॅलोस्टॅटिक लोड. बीपी वारंवार वर गेल्याने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं आणि तिथे चरबी साचायला जागा होते. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढं राहिलं की इन्शुलिनचं काम अडतं, साखर वाढते, पोटाचा घेर सुटतो. पोलादात आणि माणसात एकच मोठा फरक आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे : मधे पुरेशी विश्रांती मिळाली तर शरीर बरीचशी झीज स्वतः भरून काढतं. पोलाद नाही काढत.

पित्ताबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण माझ्याकडचा सर्वांत मोठा खप त्याचा. ताणाने अल्सर होतो असं वर्षानुवर्षं समजलं जायचं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवून दिलं की बहुतेक अल्सरच्या मुळाशी एक जिवाणू असतो; त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. तेव्हा सगळं खापर ताणावर फोडता येणार नाही. पण ताणात आतड्यांची चाल बिघडते, एरवी जाणवणार नाही एवढी जळजळही जास्त बोचते, आणि माणूस दहा मिनिटांत डबा कोंबून वर तंबाखू-चुना मळतो. कंबर धरली म्हणून उपाशीपोटी तीच दुखण्याची गोळी घेतो. ती गोळी जठराला त्रास देते, बीपी वाढवते, आणि बीपीच्या औषधाचा परिणाम कमी करते. एका दुखण्याचा इलाज दुसऱ्याचं कारण होतो आणि तिन्हींचं बिल माझ्याच दुकानात होतं. हे बिल करताना मला चांगलं वाटत नाही.

जखमांचंही तसंच. धातूची धारदार कडा (बर) काढताना बोट कापलं, पत्रा लागला, म्हणून बँडेज न्यायला येतात. कुणाची जखम आठवड्यात सुकते, कुणाची तीन आठवडे ओली राहते. साखर तपासायला सांगतेच मी. पण १९९५ मधला अमेरिकेतला एक प्रयोग मला इथे आठवतो. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाईकाची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या तेरा स्त्रिया, यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. तेवढ्याच आकाराची जखम, आणि नऊ दिवस!

आता मुख्य मुद्दा. तुम्ही म्हणाल, कष्ट तर आम्हीही करतो, बारा-चौदा तास कंपनीत असतो, आमच्या डोक्याला काय कमी ताण आहे? खरं आहे. अंबडला दोन सीएनसी मशीन टाकून गाळा चालवणारे मालक माझ्याकडे बीपीच्या गोळ्या नेतात. मोठ्या कंपनीचं शेड्यूल बुधवारी बदललं की त्यांची झोप उडते, बँकेचा हप्ता पुढे उभा असतो. सुपरवायझर तर वरून आणि खालून दोन्हीकडून भरडले जातात. मी कुणाचा ताण लहान म्हणत नाही.

पण कोणत्या प्रकारचा ताण शरीराला जास्त खातो, याचा अभ्यास झालेला आहे. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून एक मोठी पाहणी झाली, व्हाइटहॉल या नावाने ती ओळखली जाते. सगळे एकाच शहरातले, कायम नोकरीतले, उपाशी कुणीच नाही. तरीही सगळ्यांत खालच्या श्रेणीतल्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी मोठा फरक शिल्लक राहिला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याचा एक धागा सापडला : आपलं काम कधी, कसं, किती वेगाने करायचं यावर ज्यांचा काहीच ताबा नाही, त्यांना हृदयविकार जास्त होतो. अमेरिकेत रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच म्हटलं होतं की कामाची मागणी जास्त आणि ताबा कमी, ही जोडी सर्वांत वाईट. पुढे २००४ मध्ये भारतासह ५२ देशांतल्या रुग्णांवरचा इंटरहार्ट अभ्यास आला. हार्ट अॅटॅकच्या नऊ मुख्य कारणांच्या यादीत तंबाखू, बीपी, मधुमेह यांच्या पंक्तीला मानसिक-सामाजिक ताण बसलेला आहे.

म्हणजे प्लँट हेडला ताण असतो, पण उद्याची मीटिंग किती वाजता ठेवायची ते तो ठरवतो. कानटोपीवाल्याला सकाळी सातला यायचंय हे रात्री साडेअकराला कळतं. कष्टाने माणूस दमतो. दमलेला माणूस झोपला की सावरतो. काय होणार हेच माहीत नसणं त्याला झोपेतही सोडत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीशेजारी वडिलांच्या पाळ्यांचा कागद खिळ्याला टोचलेला असायचा. सायक्लोस्टाईल केलेला, कडांना तेलाचे डाग. आई महिन्याची सगळी आखणी त्या कागदावर करायची. नाईटचा आठवडा आला की आम्हा भावंडांना दुपारी मामाकडे पाठवायची, खिडकीला जाड चादर लावायची, कुकरसुद्धा वडील उठल्यावर. दवाखाना, लग्नकार्य, माझ्या शाळेचं गॅदरिंग, सगळं त्या कागदात बसायचं. काम तेव्हाही सोपं नव्हतं. लेथवर आठ तास उभं राहून वडिलांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या होत्या. पण ते झोपायचे. १९९० च्या दशकात कारखाना आधी रडतखडत चालला आणि मग बंद पडला. त्या दीड वर्षात, गेट उघडेल की नाही याची रोज वाट बघताना, त्यांची शुगर पहिल्यांदा निघाली. ती ताणामुळेच आली असं मी म्हणणार नाही, आजीलाही मधुमेह होता. एवढं मात्र आठवतं की लेथवर असताना कधी न दिसलेला माणूस मला तेव्हा दिसला : पहाटे तीनला पडवीत बसलेला.

म्हणून माझी मागणी त्या खिळ्यावरच्या कागदाची आहे. पाळ्यांचा तक्ता निदान पंधरा दिवस आधी लावा, आणि लावला की पाळा. पर्मनंट आणि कंत्राटी, दोघांसाठी. पाळ्यांच्या वेळा ठळक जागी लावाव्यात हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिलेलं होतं, ही काही माझी कल्पना नाही. ऑर्डर अचानक येते, माणूस अचानक गैरहजर राहतो, तेव्हा बदल करावा लागणार. तो ज्याला जमेल त्याला विचारून करा, नाही म्हणणाऱ्याला परवापासून येऊ नको असं म्हणू नका. "विचारलं" एवढ्या एका गोष्टीने त्या माणसाच्या हातात ताबा परत जातो. खर्च शून्य आहे.

तक्ता करताना सेकंडवरून थेट फर्स्ट लावू नका. अकराला सुटलेला माणूस सातला हजर, मधे आठ तास, त्यात येणंजाणं आणि जेवण. युरोपात दोन दिवसांच्या कामात सलग ११ तासांची विश्रांती कायद्यानेच द्यावी लागते. पाळ्या फिरवायच्या तर फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट अशा पुढे सरकवा. शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. कॉर्टिसॉल पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळाला असतं. दर चार दिवसांनी उलटसुलट पाळी लावली की ही लय कुठेच बसत नाही. आणि ओव्हरटाईमचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितलं आहे की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. ओटीचे पैसे कामगाराला हवे असतात, मलाही माहीत आहे. पगार ओटीशिवाय पुरला तर तो स्वतःच कमी मागेल.

एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण माझ्यासारखीनेच ती लिहायला हवी. असेंब्ली लाईनवरच्या मुली माझ्याकडे उन्हाळी लागल्याची तक्रार घेऊन येतात. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, एकीला तर थंडी वाजून ताप आलेला. खोदून विचारलं की एकच उत्तर येतं : पाणी पीतच नाही ताई, लाईन सोडायला परवानगी काढावी लागते आणि सगळ्यांसमोर विचारतात, आत्ताच तर गेली होतीस. विशी-बाविशीच्या मुली आठ तास तोंड कोरडं ठेवून काम करतात. लघवीला जाणं ही मागायची गोष्ट नाही. तेवढ्या वेळापुरता बदली माणूस (रिलीव्हर) ठेवा, बाथरूम लाईनपासून जवळ आणि स्वच्छ ठेवा, आणि ती परवानगी उद्यापासून बंद करा. याला तर पंधरा दिवसही लागत नाहीत.

वार्षिक तपासणीबद्दलही सांगते. तिचे कागद कधी कधी माझ्याकडे येतात. रांगेत उभ्या-उभ्या घेतलेलं बीपी, पुढे काय करायचं याचा एक शब्द नाही. बरेचजण तर बीपी आहे हेच लपवतात, कारण 'अनफिट' शिक्का बसला की गेटबाहेर. माझ्या एका नेहमीच्या ग्राहकाला, त्रेचाळीस वर्षांच्या, रात्री गॅस झाल्यासारखं वाटत होतं. सोडा मागायला आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला आणि डावा हात दुखत होता. मी सोडा दिला नाही, भावाला सांगून रिक्षात घातलं. हार्ट अॅटॅक होता. वाचला. दोन महिन्यांनी फिटनेसचा दाखला घेऊन गेला तेव्हा त्याच्या जागी दुसरा आला होता आणि ठेकेदार फोन उचलत नव्हता. त्याला आधीपासून बीपी होतं, तंबाखू होती, गोळ्या तो मधेच बंद करायचा. हे सगळं खरं. गोळ्या का बंद करायचा, तर डब्यात कुणी पाहिल्या तर काय, या भीतीने. जी तपासणी माणसाला लपवायला लावते, ती कुणाच्या कामाची? तपासणीचा निकाल त्या माणसाच्या हातात द्या, कंत्राटी कामगारांनाही त्यात घ्या, आणि बीपी किंवा शुगर निघाली म्हणून कुणाचं काम जाणार नाही असं लेखी लावा. छातीत दुखणं, घाम, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ असेल तर गॅसची गोळी न घेता थेट हॉस्पिटल, ही एक ओळ मोठ्या अक्षरात कँटीनमध्ये लावा. शेजारी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर लिहा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

तुमच्यातले काहीजण ताणमुक्तीची व्याख्यानं ठेवतात, प्राणायाम शिकवतात. हेतू चांगला आहे. सावकाश दीर्घ श्वसनाने ठोके खाली येतात, हे मी खुर्चीवर बसवलेल्या माणसांतही पाहते. पण नाईट करून आलेल्याला सकाळी दोन तास थांबवून ते व्याख्यान ऐकवलं, तर त्याची झोप गेली ती गेलीच. त्याला घरी जाऊ द्या.

तक्ता लावलात तर त्याची एक प्रत माझ्या दुकानातही पाठवा, मी आतल्या बाजूने काचेवर चिकटवीन. मला तो खरंच लागतो. माझ्याकडे मधुमेहाची गोळी नेणारे तुमच्याकडचे बरेच कामगार आहेत. त्यातली एक गोळी दिवसाच्या पहिल्या जेवणाबरोबर घ्यायची असते, आणि घेऊन जेवण लांबलं तर साखर एकदम खाली जाते, चक्कर येते, माणूस मशीनवर पडू शकतो. म्हणून मी पाकिटावर पेनाने वेळ लिहून देते. फर्स्ट असेल तर सकाळी साडेसहा, घरून खाऊन निघताना. सेकंडला दहा. नाईटला, उठून जेवायला बसाल तेव्हा. मग ते विचारतात, "ताई, पण पुढच्या आठवड्यात कोणती पाळी आहे ते कुठे माहितीये?" आणि ती ओळ मी कोरी सोडते.

आपली,
एक औषध दुकानदार
सिडको, नाशिक